आत काही टाकलंय का?

कुणाच्याही रानात बोअरवर गेलो की कप्पीचा स्टँड उभा करायच्या आधी मी एकच प्रश्न विचारतो, "आत काही टाकलंय का?" इतक्या वर्षांत उत्तरही एकच मिळत आलंय, "न्हाई ओ, कायबी न्हाई." हे उत्तर देताना माणूस माझ्याकडं बघत नाही, लांबच्या विजेच्या डीपीकडं बघतो. मी बरं म्हणतो आणि दोरीला बांधलेला लोखंडी गळ आत सोडतो. मग आतून कधी कुदळीचा दांडा निघतो, कधी सायकलची चेन, कधी दाराची कडी. एकदा तर शेजाऱ्याकडून मागून आणलेला गळ निघाला होता, आणि तो त्या शेजाऱ्यानंही दुसऱ्या कुणाकडून तरी मागून आणलेला होता. तिघं जण बोअरभोवती उभे राहून तो नक्की कुणाचा यावर बराच वेळ बोलत होते.

बोअरमध्ये पडलेली मोटार काढणं हा माझा धंदा. शिरूरला माझं छोटं दुकान आहे, पण दुकानात मी सापडलो तर समजावं की त्या दिवशी तालुक्यात सगळ्यांचं बरं चाललंय. दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा, असा फोन आला तेव्हाही मी एका बोअरच्या तोंडाशी कान लावून आडवा पडलो होतो. संपादकांना म्हणालो, लिहितो, पण आत्ता जरा गप्प बसा, मला दगडाचा आवाज ऐकू द्या.

ज्यांनी बोअर फक्त रस्त्यावरून जाताना पाहिलंय त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बोअर म्हणजे जमिनीत खोल गेलेलं वीतभर रुंदीचं भोक. वरच्या मातीत ते ढासळू नये म्हणून केसिंगचा पाइप घालतात, त्याच्या खाली नुसता खडक. त्या भोकात पाणबुडी मोटार पाइपाला लटकवून सोडलेली असते, सोबत वीज नेणारी केबल आणि जिवाला आधार म्हणून एक दोरी. कधी दोरी कुजते, कधी पाइपाचा जोड निसटतो, कधी बाजूचा खडक सुटून मोटारीवर बसतो. मोटार खाली जाते आणि त्या घराचं पाणी बंद होतं. आत अंधार, वर आपण, आणि मध्ये फक्त गळाची दोरी. दोरी हातात धरली की दगड लागला, पाइप लागला की केबल लागली, हे तळहाताला कळावं लागतं. ते कळायला मला निम्मी जवानी लागली.

आमच्याकडं मोटार पडणं ही जरा लाजेची गोष्ट असते. "ह्याची मोटार पडली" म्हणजे ह्याचं रानाकडं लक्ष नाही, असं गाव समजतं. म्हणून मोटार पडली की माणूस आधी बोंब मारत नाही, आधी गुपचूप घरातल्या हत्यारांनी प्रयत्न करतो. ती हत्यारंही आत जातात. शेवटी ट्रॅक्टरला दोरी बांधून ओढतो, आणि ट्रॅक्टरनं ओढलं की मोटार आणखी फसते, नाहीतर केसिंग फाटून अख्खं बोअर जातं. एवढं सगळं झालं की मग मला फोन येतो आणि फोनवर सांगतात, "आत्ताच पडलीय बघा, जरासं वडलं की येईल."

पूर्वी माझी कीर्ती चुन्याची होती. मी आणि माझा भागीदार डेव्हिड, दोघं मोटारसायकलवरून डबा आणि ब्रश घेऊन फिरायचो आणि पुलाच्या कठड्यांवर लिहायचो, "पडलेली मोटार काढून मिळेल". डेव्हिड शिरूरच्या जुन्या मिशन कंपाउंडमधला. त्याचे वडील चर्चच्या भिंतीवर वचनं रंगवायचे, त्यामुळं त्याचं अक्षर मोत्यासारखं. पाऊस झाला की नंबरातला एखादा आकडा अर्धा धुऊन दुसराच दिसायचा आणि माझे फोन बेलवंडीकडच्या कुणा भल्या माणसाला जायचे. तो बिचारा बरीच वर्षं लोकांना सांगत राहिला की माझी मोटार पडलेली नाही.

मग माझी लेक प्रणाली मोठी झाली. एका उन्हाळ्यात ती सुट्टीला घरी होती तेव्हा माझ्यासोबत रानात आली आणि मोटार वर येताना तिनं मोबाइलवर व्हिडिओ काढला. पाण्यानं निथळणारी, शेवाळ लागलेली मोटार हळूहळू केसिंगमधून डोकं काढते, डेव्हिड "आली, आली" म्हणतो, आणि मालकाचे वडील हात जोडतात. एवढंच. तिनं तो इन्स्टाग्रामवर टाकला आणि पेजला नाव दिलं "पडली मोटार". मी म्हणालो, "आगं, हे काय नाव झालं? चांगलं काहीतरी ठेव." ती म्हणाली, "पप्पा, ज्याची मोटार पडते तो हेच दोन शब्द लिहून शोधतो." त्या आठवड्यात मला पारनेरकडून फोन आला, तिकडं मी एकही कठडा रंगवला नव्हता.

पुढं प्रणाली दौंडला दिली. जावई रेल्वेत, घर स्टेशनजवळ. तिथूनही पेज तीच बघते. मी रानातून व्हिडिओ पाठवायचा, ती बाळ झोपलं की तो कापून, लिहून, टाकायची. तिचे नियम कडक होते. तोंडात तंबाखू नको, शिवी नको, मालकाला हसायचं नाही, आणि शेवटी पाणी दाखवायचंच. "लोक मोटार बघायला येत न्हाईत पप्पा, पाणी बघायला येतात," असं ती म्हणायची. तिच्यामुळंच मी पाण्यात चालणारा कॅमेरा घेतला. दिव्यासकट केबलवर आत सोडायचा, वर छोट्या पडद्यावर आतला खडक दिसतो. पहिल्यांदा तो आत सोडला तेव्हा मी आणि डेव्हिड कामच विसरलो. ज्या अंधारात मी इतकी वर्षं नुसत्या हातानं चाचपडलो होतो, त्यात गुलाबी दगड होते, बारीक झरे होते, एका ठिकाणी तर बेडूक बसला होता.

लोकांना हे सगळं आवडू लागलं. रांजणगावच्या कारखान्यातली बिहारची पोरं कमेंटमध्ये लिहायची, "चाचा, निकला क्या?" लग्नात गेलो तर अनोळखी माणसं "ओ पडली मोटार" अशी हाक मारायची. बायकोला ते अजिबात आवडायचं नाही, पण मला आवडायचं, खोटं कशाला बोलू. पुलाच्या कठड्यानं मला नंबर दिला होता, ह्यानं चेहरा दिला.

चेहरा मिळाला की बाकीच्यांनाही तो हवा असतो. दौंडकडच्या एका ऊसवाल्या बागायतदारांनी फोनवरच विचारलं, "व्हिडिओ निघंल ना?" गेलो तर ते फेटा बांधायला माणूस बोलावून बसलेले. मागं ट्रॅक्टर दिसला पाहिजे, ट्रॅक्टरच्या मागं बंगला दिसला पाहिजे, असा सगळा बेत. नेमकी ती मोटार भलतीच गुणाची निघाली, पहिल्याच गळाला लागली आणि वर आली. साहेब आत आरशासमोर. बाहेर आले, मोटारीकडं बघितलं, खूप वाईट वाटलं त्यांना. जरा वेळानं मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "भाऊ, परत आत सोडा की. आन् मी आल्यावर काढा." डेव्हिड पाठ करून उभा राहिला, त्याचे खांदे हलत होते. मी त्यांना समजावलं की मोटार नाटकातली नाही, परत येईलच असं नाही.

पण पेजनं माझी खरी पत वाढवली ती एका न निघालेल्या मोटारीनं. एका गावात बोअरची भिंत आतून इतकी सुटली होती की मोटारीवर दगडांचा ढीग होता. कॅमेऱ्यात तो बघितला आणि मी मालकाला सांगितलं, "ही ओढली तर बोअर जाईल. मोटार सोडा, बोअर वाचवा, वरच्या पाण्यावर लहान मोटार बसवा." मालक नाराज झाला, पण त्यानं ऐकलं. तो व्हिडिओ मी प्रणालीला पाठवला तो फक्त बघायला म्हणून. तिनं तो टाकला, वर लिहिलं, "निघाली नाही." माझ्याच धंद्यातल्या एकानं तो हसत हसत सगळ्या ग्रुपवर फिरवला. मी लेकीवर चिडलो. पण मग फोन यायला लागले, आणि प्रत्येक जण म्हणायचा, "तुमी न्हाई निगत तर न्हाई म्हणता, म्हणून फोन केला." ज्यानं तो फिरवला त्यानं माझी फुकटात जाहिरात केली होती. त्या दिवसापासून निघाली ती आणि नाही निघाली ती, दोन्ही टाकायच्या असं ठरलं. माझं नाव झालं ते ह्या नियमावर.

आणि म्हणूनच कवठे येमाईची गोष्ट सांगायला हवी, कारण तिथं मी तो नियम मोडला.

त्या उन्हाळ्यात पेजवर काही जण सारखं लिहीत होते, "काका, कापून दाखवता. दम असेल तर लाइव्ह दाखवा." प्रणाली म्हणाली, दाखवूच. तिनं आधी चार दिवस जाहीर केलं की पुढचं अवघड काम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग दाखवणार. ते वाचून कवठे येमाईच्या जालिंदरचा फोन आला. हा चाळिशीतला शेतकरी, पेजचा जुना प्रेक्षक. गोठ्यात गाई, रानात शेवंती, आणि ह्या सगळ्याला एकच बोअर. मोटार पडून आठवडा होत आला होता. शेजारच्या विहिरीचं पाणी भावकीनं दिलं होतं, पण त्या विहिरीचाही तळ दिसायला लागला होता. बोअर गेलं तर गाई विकाव्या लागणार, हे त्यानं फोनवरच सांगितलं. शेवटी म्हणाला, "मामा, लाइव्ह आमच्याच हितं करा. सासुरवाडीला सांगून ठेवलंय बघा म्हणून."

आम्ही गेलो. जालिंदर इस्त्रीच्या शर्टात. त्याची आई, तिला सगळे आक्का म्हणत, गोठ्याच्या दारात पदराचं टोक तोंडात धरून उभी होती. मोबाइल स्टँडवर लावला, लाइव्ह चालू झालं, आणि मी नेहमीप्रमाणं विचारलं, "आत काही टाकलंय का?"

"कायबी न्हाई," जालिंदर मोबाइलकडं बघत म्हणाला. "आन् आमच्यात अंगारा-धुपारा, नारळ-बिरळ असलं कायबी चालत न्हाई मामा. समदं शास्त्रीय."

गळ सोडला. काहीतरी लागलं. ओढलं की मऊसर ताण येई आणि मग घसरून जाई. पाइप असा घसरत नाही, केबल अशी मऊ लागत नाही. परत सोडला, परत तेच. दोरीतून हाताला जे कळत होतं ते माझ्या ओळखीचं नव्हतं. बघणाऱ्यांची संख्या वाढत होती, लोक लिहीत होते, "जोर लावा", "ट्रॅक्टर बांधा". मी कॅमेरा आत सोडला आणि पडदा मोबाइलसमोर धरला.

केसिंग संपलं, खडक आला, मग पाणी आलं. पाण्यावर एक गोल, काळसर वस्तू तरंगत होती. बाकीच्यांना ती दगड वाटली असेल, पण दगड तरंगत नाही. मी कॅमेरा तिच्या बाजूनं खाली घेतला. गढूळ पाणी, आणि त्यात हळूच हलणारं हिरवं काहीतरी. दिव्याच्या उजेडात जरीचा काठ चमकला.

मी मान वर केली. गोठ्याच्या दारात आक्का पडद्याकडं बघत नव्हती, माझ्याकडं बघत होती. तिच्या चेहऱ्यावर जी भीती होती ती मी मोटार पडलेल्या कुठल्याही मालकाच्या चेहऱ्यावर पाहिली नव्हती.

आमच्याकडच्या बाया विहिरीची ओटी भरतात. नवं पाणी लागलं की भरतात, पाणी रुसलं की भरतात. विहिरीच्या काठावर खण-नारळ ठेवता येतो. बोअरला काठच नाही, नुसतं भोक. मोटार पडली, लेक हबकला, आणि ह्या माउलीनं पहाटे उठून पाण्याची ओटी भरली होती. नुसता खण नाही, साडी-चोळीची. नऊवारी लुगडं आत जाऊन पाइपाच्या तोंडावर बसलं होतं आणि माझा प्रत्येक गळ त्या लुगड्यातच अडकत होता.

प्रणालीनं मला मागं एका दूरच्या गावातल्या आजीचा व्हिडिओ दाखवला होता. बिचारी काहीतरी भोळेपणानं बोलली होती, आणि लोकांनी त्याला हसण्याचे आवाज जोडून, गाणं लावून तो सगळीकडं फिरवला होता. लेक म्हणाली होती, "पप्पा, ही आता मरेपर्यंत अशीच." मला त्या क्षणी ते आठवलं. पडद्यावरचा काठ आणखी स्पष्ट व्हायला लागला होता. मी पंजा मोबाइलवर ठेवला आणि लाइव्ह बंद केलं.

"काय झालं?" जालिंदर ओरडलाच.

"रेंज गेली," मी म्हणालो. "आणि माझी लांब साखळी दुकानात राहिली. तुम्ही गाडी घेऊन शिरूरला जा, माझ्या बायकोकडून घेऊन या. त्या साखळीशिवाय होणार नाही."

तो कुरकुरत गेला. साखळी डेव्हिडच्या पायाशीच पडलेली होती. डेव्हिडनं ती पायानं गोणपाटाखाली सारली आणि आभाळाकडं बघत उभा राहिला. इतकी वर्षं एकत्र काम केलं की असलं सांगावं लागत नाही.

मी गोठ्याच्या दाराशी गेलो. "आक्का, मी रागावणार नाही. मला फक्त कळू द्या काय काय हाय आत. त्याप्रमाणं हत्यार करावं लागतंय."

ती गाईच्या पाठीवर हात ठेवून, गाईलाच सांगावं तशी म्हणाली, "लुगडं हाय. खण हाय. नारळ, हळकुंडं, सुपारी. हिरव्या बांगड्या व्हत्या, त्या फुटल्या आसत्याल." जरा थांबून म्हणाली, "लुगडं जालूनं दिवाळीला आणल्यालं. म्या नेसलेबी न्हाई. म्हनलं, पान्याला चांगलं द्यावं, जुनं कसं द्यायचं."

"बरं केलंत," मी म्हणालो.

"कसलं बरं? माझ्यामुळं बोर गेलं तर लेकरू काय करंल? त्येला नगं सांगू बाबा. त्यो समद्यांम्होरं बोलून बसलाय."

"नाही सांगत," मी म्हणालो. तोवर मला आत दगड आहे की पाइप हेच कळत नव्हतं, आता माझ्यासमोर आतला सगळा ऐवज मांडलेला होता. माझ्या आयुष्यात आत काय टाकलंय हे खरं सांगणारं ते पहिलं माणूस. आणि खरं कळल्यावर काम किती सोपं होतं, हे मला त्या दिवशी समजलं.

कापडाला गळ चालत नाही. गळ कापड फाडतो आणि घसरतो. कापडाला काटे लागतात, बाभळीखालून गेलेल्या धोतराला लागतात तसे. डेव्हिडनं एका सळईच्या टोकाला बांधकामाच्या तारेचे तुकडे आवळून बांधले आणि त्यांची टोकं बाहेर वाकवली. पण आधी नारळ. तो कांद्याच्या जाळीच्या गोणीचं तोंड तारेनं उघडं ठेवून, खालून घालून, मासा धरावा तसा वर घेतला. मग काटेरी सळई पाइपाला जोडून आत सोडली, पाण्याखाली गेली, आणि मी वरून पाइप नुसता फिरवत राहिलो. ओढलं नाही. चातीवर सूत गुंडाळतात तसं लुगडं सळईभोवती गुंडाळत गेलं. तळहाताला प्रत्येक वेटोळं कळत होतं. घाई केली असती तर ते फाटलं असतं आणि अर्धं आत राहिलं असतं. डेव्हिडचे ओठ हलत होते. आक्का माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि तिचेही ओठ हलत होते.

लुगडं अख्खं आलं. काठाला दोन ठिकाणी फाटलं होतं, खण त्यातच गुंडाळलेला. ते केसिंगमधून बाहेर आलं तेव्हा त्याच्यातून पाणी पाझरत होतं आणि बांगडीचा एक तुकडा खाली पडला. आक्कानं ते हातातून घेतलं, पिळलं आणि गोठ्यामागं घेऊन गेली. त्यानंतर पहिल्याच गळाला पाइप लागला. मोटार निमूटपणं वर आली. माझ्या सबंध धंद्यातलं ते सगळ्यात सुंदर काम, आणि त्याचा एक सेकंदाचाही व्हिडिओ नाही.

जालिंदर साखळी न मिळाल्यानं तणतणत परत आला आणि अंगणात मोटार बघून जागच्या जागी थांबला. "निगाली? आन् व्हिडिओ?"

"रेंज नव्हती ना."

त्याला हसावं की चिडावं कळेना. मोटार सोडायची तयारी होईपर्यंत आक्का ताटलीत खोबऱ्याचे तुकडे घेऊन आली. नारळ फोडला होता, आणि तो नासलेला नव्हता. मला दिला, डेव्हिडला दिला. डेव्हिड म्हणाला, "आक्का, आमाला चालतंय," आणि दोन तुकडे घेतले. जालिंदरनंही खाल्ला. संध्याकाळी पाणी आलं तेव्हा त्यानं शर्टासकट तोंड त्या धारेखाली धरलं. माझ्याकडं मोबाइल होता, पण तो मी काढला नाही.

इकडं पेजवर गदारोळ. लाइव्ह मधेच बंद पडलं, मोटार निघाल्याचा व्हिडिओ नाही, न निघाल्याचाही नाही. "काका पळाले." "आधीचे पण खोटे असणार." जो धंदेवाला हसला होता तो पुन्हा हसला. आणि ते हिरवं काय होतं यावर तर लोकांनी पुराणं लिहिली. कुणी साप म्हणालं, कुणी शेवाळ. जरीची चमक ज्यांनी पाहिली होती ते गुप्तधन म्हणाले, आणि पुढच्या रविवारी दोन पोरं खरंच कवठ्याला बोअर बघायला गेली. जालिंदरनं त्यांना शेवंती तोडायला लावून परत पाठवलं.

प्रणालीचा फोन आला. लेकीनं चार वर्षं खपून उभं केलेलं पेज होतं ते. "पप्पा, एवढंच सांगा, निघाली का न्हाई?"

"निघाली."

"मग लिहू?"

"नको. निघाली म्हटलं की कशी निघाली, हे विचारतील. हिरवं काय होतं हे विचारतील."

मी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंत पप्पा." मग म्हणाली, "राहू दे तसंच. पडू दे शिव्या." त्या उन्हाळ्यात फोन खरोखर कमी झाले. वाईट वाटलं, रोज वाटलं. रोज सकाळी मी कमेंट वाचायचो आणि रोज उत्तर लिहून पुसून टाकायचो.

पुढं केव्हातरी आक्कानं जालिंदरला स्वतःच सांगितलं. त्यानं मला फोन केला. म्हणाला, "मामा, त्या दिशी खाल्ला त्यो नारळ त्योच व्हता का?"

"व्हय."

"ग्वाड व्हता," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

हा लेख लिहायच्या आधी मी कवठ्याला जाऊन आक्काला विचारलं, लिहू का. ती म्हणाली, "कागदावर लिही. त्यात माझं त्वांड दिसत न्हाई." जालिंदरचं नाव मी बदललंय. तिचं बदलायची गरज नाही, आमच्या भागात प्रत्येक घरात एक आक्का आहे. बोअरच्या तोंडाला मी आता लोखंडी झाकण बसवून दिलंय, आणि ती ओटी त्या झाकणावर भरते. जालिंदर नारळ आणून देतो.

पेज पुन्हा सावरलं. शंभर खऱ्या व्हिडिओंपुढं एक गाळलेला लोक हळूहळू विसरले. पण मला वाटत होतं की त्या दिवसाचा हिशेब तिथंच संपला. ते तसं नव्हतं, हे मला ह्याच वर्षी खुटबावला कळलं.

खुटबावला (गावाचं नाव बदललंय) एका घरी मोटार पडली होती. व्हिडिओ बघून त्यांनी बोलावलं होतं. घरची माणसं बोअरभोवती उभी. मी मोबाइल स्टँडवर लावत होतो आणि प्रश्न विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात घरची सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. तांब्या माझ्या हातात देताना ती वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "दादा, आधी मोबाइल खिशात घाला."

मी घातला.

"सासूबाईंनी वटी सोडलीय आत. लुगडं हाय. घरात कुणाला ठावं न्हाई." तिनं एकदा मागं वळून पाहिलं. "मावशी म्हनली, तुमास्नी सांगितलं तर चालतंय."

"मावशी कुठल्या?"

"कवठ्याच्या."

मी पाणी प्यालो, तांब्या परत दिला. डेव्हिड गळाची दोरी सोडत होता. त्या काटेरी सळईला आम्ही दोघांनी एक नाव ठेवलंय, ते बाहेर कुणाला माहीत नाही. मी त्याला हाक मारली, "गळ राहू दे. आक्का काढ."